पडण्याची तालीम

“सैनिक मरतो, पण पडत नाही!” असे छाती काढून गरजत तोफवाले चपलांच्या मांडणीवर पडले.

मांडणीला सवय होती. घरच्यांनाही होती. बायको स्वयंपाकघरातून न बघताच म्हणाली, “मान वळवलीत ना? किती वेळा सांगितलं, हाक आली की आधी पाय वळवायचे, मग मान.”

“हाक तुझ्याच भावानं मारली,” तोफवाले मांडणीखालून म्हणाले.

भाऊ, म्हणजे तोफवाल्यांचा मेहुणा, पलीकडच्या खोलीत जमिनीवर गादी अंथरून उभा होता. तो विम्याचा एजंट. आयुष्य दाव्यांत गेल्यामुळे पडणे ही एक कला आहे आणि ती शिकवता येते, असे त्याचे ठाम मत होते. तो हळहळला. “काय हे भाऊजी! इतकं सुरेख पडलात, पण वाया गेलं. बघायला डॉक्टर कुठंय? आता हेच जसंच्या तसं इथं गादीवर करून दाखवा बघू.”

तोफवाले गादीवर येऊन उभे राहिले. मेहुण्याने “हं, पडा!” म्हटले. तोफवाले खांबासारखे उभेच.

“पडा ना!”

“येत नाही.”

“रोज येतं की!”

“रोज मी पडत नाही. जमीन वर येते,” तोफवाले शांतपणे म्हणाले. “आज तिची इच्छा दिसत नाही.”

तोफवाल्यांनी उमेदीची वर्षे तोफेच्या डाव्या अंगाला उभे राहून काढली होती. दोरी ओढायची, कान गच्च दाबायचे, पुन्हा दोरी ओढायची. दोरी ओढायला एक हात लागतो आणि कान तर दोन असतात, हा हिशेब तोफ बनवणाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता. उजवा कान वाचला. डावा बहिरा झाला आणि जाताना डोक्यातला तोल सांभाळणारा ओळंबाही घेऊन गेला. नोकरीत अधूनमधून मैदान फिरे, निवृत्तीनंतर घरही फिरू लागले. वर फळीवर बघितले, फिरले. कुशीवर वळले, फिरले. बायको पंगतीत शेजारी न बसता समोर बसू लागली, म्हणजे बोलताना मान वळवायला नको. रस्त्यात कोणी मागून हाक मारली तर तोफवाले एखादे कपाट फिरवावे तसे अख्खे फिरत.

आता कान आतून बिघडला तर बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतो तो भिंत धरून चालणारा मिशीवाला माणूस. अशा माणसाविषयी समाजाचे निदान तयारच असते. गल्लीत त्यांना ‘डुलकर’ म्हणू लागले. गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी होती, तिथे एकदा भर सकाळी फाटकापाशी गडगडले. मॅनेजर धावत आला. तोफवाल्यांना वाटले, हात देतोय. त्याने नाक पुढे केले आणि तोंडाचा वास घेतला. वास काहीच आला नाही. मग तो म्हणाला, “हल्ली बिनवासाची मिळते.” नोकरी गेली.

तेही तोफवाल्यांनी पचवले असते. पण लेकीला मुलगी झाली, ती बघायला गेले, आणि विहीणबाईंनी बाळ हातात द्यायच्या ऐवजी पाळण्यात ठेवले. “राहू दे हो, कशाला उगीच,” एवढेच त्या म्हणाल्या. लेक खाली बघत राहिली. घरी आल्यावर तोफवाले खुर्चीत बसून म्हणाले, “बाळ माझ्या हातात देत नाहीत ते बरोबर आहे. कारण चुकीचं आहे.”

ते कारण बदलून आणण्यासाठी आजची अपंगत्वाची सरकारी तपासणी होती. पेन्शनमध्ये भर पडली तर हवीच होती, नाही कोण म्हणेल? पण बायकोला त्याहून हवा होता एक सरकारी शिक्क्याचा कागद. हा माणूस बाटलीमुळे नव्हे, कानामुळे पडतो, असे लिहिलेला. तो ती चौकटीत बसवून थेट विहीणबाईंच्या पाळण्यावर टांगणार होती.

“म्हणून म्हणते, तिथं जरा पडा,” ती साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाली.

“खोटं पडणार नाही.”

“खोटं कुठं? रोज पडता तेच पडायचं. फक्त जागा बदलून.”

“आलं तर पडेन. आणणार नाही.”

“ऐकलंस?” ती भावाला म्हणाली. “घरात माझी क्रोकरी फोडताना नाही आठवत हा स्वाभिमान!”

तपासणीच्या कार्यालयाबाहेर बाकांवर माजी सैनिक रांगेने बसले होते. कुणाचा गुडघा, कुणाचा कणा, कुणाचा डोळा. शेजारच्या काठीवाल्याने विचारले, “तुमचं काय?”

“तोल.”

“अरेरे!” काठीवाल्याला मनापासून वाईट वाटले. “दिसत नाही हो तो. माझं बघा, पायच नाही. तरी विचारतात, पूर्वी होता कशावरून?”

आत पंख्याखाली लांब टेबलामागे दोघे होते. एक पिकल्या मिशांचे डॉक्टर, स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले आणि अजून ते पुरते न पटलेले. दुसरा कारकून. बायकोला मागे भिंतीशी खुर्ची मिळाली.

“तोफेवर असताना चक्कर येते अशी तक्रार कधी केली होती?” कारकुनाने विचारले.

“नाही.”

“का?”

“तक्रार करणाऱ्याला तोफेवरून काढून भांडी घासायला लावायचे.”

“म्हणजे तक्रार नव्हती,” कारकून म्हणाला आणि त्याने तसे लिहिले.

डॉक्टर उठले. तपासणी साधी होती. दोन्ही पाय जोडून, हात खाली सोडून, डोळे मिटून उभे राहायचे. ज्याचा तोल गेला आहे तो झुलतो. मेहुण्याने याच क्षणासाठी गादी अंथरली होती. डॉक्टरांनी हे सगळे नीट समजावून सांगायला हवे होते. पण समोरच्या माणसाचा ताठ कणा पाहून त्यांची जुनी सवय उचंबळून आली आणि ते कडाडले, “सावधान!”

झाले. तोफवाल्यांच्या टाचा खट्कन जुळल्या. हनुवटी आत, छाती बाहेर, मुठी विजारीच्या शिवणीवर. बोटांनी बुटाच्या आतून जमीन धरली. परेडच्या मैदानावर उन्हात तासन्‌तास उभे राहून जे शिकवले जाते ते कानाच्या भरवशावर नसतेच. ते पोटऱ्यांत मुरलेले असते. डोळे मिटले. डॉक्टरांनी खांद्याला हळूच धक्का दिला. डोंगर हलेल, पण तोफवाले हलेनात. डोक्यात खोली गरागरा फिरत असेल नसेल, सावधानमध्ये ती बाहेर दाखवायची नसते.

मागे बायकोने कपाळावर हात मारला. त्याचा आवाज झाला.

“उत्तम!” डॉक्टर खूश होऊन म्हणाले. “आजकालच्या पोरांना असं उभं राहता येत नाही.” आणि कारकुनाला म्हणाले, “लिहा. तोल उत्तम.”

कारकुनाने लिहिले.

“जाऊ शकता.”

आता, साहेबांसमोरून सैनिक चालत निघत नाही. आधी सलाम ठोकतो, मग टाचेवर गिरकी घेऊन मागे फिरतो. तोफवाल्यांनी सलाम ठोकला. गिरकी घेतली. बघत राहावी अशी घेतली. पाय थांबले, पण डोके काही थांबले नाही. तोफवाले कारकुनाचे टेबल, शिक्के, टाचण्यांचा डबा असे सगळे बरोबर घेऊन धाडकन जमिनीवर आले.

टाचण्या खोलीभर पसरल्या.

“हे धरता येणार नाही,” कारकून टाचण्या वेचत म्हणाला. “तपासणी संपली होती. शिवाय सकाळीच घेऊन येतात काही जण.”

बायको खुर्चीवरून उठली. इतक्या वर्षांत तिने परक्या पुरुषासमोर आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. ती सरळ डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली. “साहेब, वाका खाली.”

“काय?”

“यांच्या तोंडाचा वास घ्या. त्या मॅनेजरनं घेतला, शेजाऱ्यांनी घेतला, विहीणबाईंनी लांबूनच घेतला. तुम्ही डॉक्टर आहात. घ्या. आणि काय येतो तेवढं तरी लिहून द्या.”

डॉक्टर गोरेमोरे झाले. पण त्या बाईसमोरून हलायची सोय नव्हती. गुडघे कुरकुरवत ते खाली वाकले आणि त्यांनी नाक जवळ नेले. वास आला तो दात घासायच्या पावडरीचा.

इतक्या जवळ आल्यावर त्यांना तोफवाल्यांचे डोळे दिसले. बुबुळे एका बाजूला सरकत होती, झटक्याने परत येत होती, पुन्हा सरकत होती. सारखी. धावत्या गाडीतून खांब मोजणाऱ्याची हलतात तशी. डॉक्टरांचा चेहरा उतरला. हे सोंग कुणालाही आणता येत नाही, हे त्यांना कारकुनापेक्षा जास्त कळत होते. पायांना, पाठीला, मुठींना सावधान शिकवता येते. बुबुळांना शिकवायचे राहून गेले होते.

“हे असं नेहमी होतं?”

“होय साहेब!” तोफवाले जमिनीवर आडवेच, पण ताठ. टाचा जुळलेल्या, मुठी शिवणीवर. कुणी उभे करून भिंतीला टेकवले असते तर परेड पूर्ण झाली असती.

“मग मघाशी बोलला का नाहीत?”

“मघाशी आपण सावधान म्हणालात. सावधानमध्ये बोलत नाहीत, साहेब.”

कारकुनाने शिक्का शोधून काढला होता. “साहेब, शेरा लिहून झालाय. नुसता ठोकायचाय. खोडाखोड केली तर वरून विचारणा येते.”

“तो शिक्का खाली ठेवा.”

“पण साहेब...”

“ठेवा म्हटलं ना!”

कारकुनाने शिक्का खाली ठेवला, पण कागदावरचा हात काही काढला नाही. बायको पदराचे टोक मुठीत धरून एकदा त्या हाताकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टर तसेच गुडघ्यांवर बसलेले. त्यांनी तोफवाल्यांची आवळलेली मूठ धरली आणि हलकेच म्हणाले, “विश्राम.”

मूठ सावकाश सुटली.

“सांगा,” डॉक्टर म्हणाले. “मनात असेल ते सांगा. काय हवं तुम्हाला?”

तोफवाल्यांनी छताकडे बघितले.

“तेवढा पंखा बंद करा, साहेब. म्हणजे कोण फिरतंय ते तरी कळेल.”