घाईनं वर आलेली देवी

सप्तमीच्या दुपारी जमिनीतून देवी वर आली आणि हातकणंगल्याजवळच्या एका गावात माणूस म्हणून घरी राहिलं नाही. "दगडाची आई हाय, पर वीतभर उठली की!" असं ओरडत लोक माळाकडं पळत होते. नारळ फुटत होते, बाया घुमत होत्या आणि मधोमध भुईनाथ महाराज झोपाळलेले डोळे चोळत उभे होते. त्यांना झालेल्या दृष्टांताप्रमाणं पुरलेली देवी अभिषेकानं प्रसन्न होऊन अष्टमीच्या आरतीला वर यायची होती. ती आली महाराज जेवून घोरत असताना, आणि तीही एका कुशीवर कलंडून.

"आईला धीर धरवंना!" महाराजांनी वेळ सावरली. "लेकराच्या भेटीला धावत आली! घाला पाणी, ठेवा दक्षिणा!"

वर्षाराणी त्याच दिवशी बियाणं न्यायला गावात आली होती. संशोधन केंद्रात ती घेवड्याच्या नव्या जाती तयार करायची. गावचा जुना घेवडा चवीला झकास, पण तांबेरा पडला की पीक झोपायचं. दाणा तर असा चिवट, की शिजता शिजता सरपण संपायचं. वर्षाराणीनं त्याचा संकर तांबेऱ्याला न जुमानणाऱ्या जातीशी केला आणि ज्यांचा दाणा लवकर भिजतो, लवकर शिजतो, अशीच झाडं ती वर्षानुवर्षं निवडत गेली. ते निवडक बी गावातल्या शांतव्वा या शेतकरणीच्या घरी पुढच्या पेरणीसाठी जपून ठेवलं होतं.

"बी न्हाय, बाई," शांतव्वा खाली बघत म्हणाली. "देवीच्या निवदाला म्हणून म्हाराजांनी घेवडा मागितला, मालकांनी बियाची पिशवीच उचलून दिली. मी माहेरी गेलतो."

वर्षाराणी तशीच माळावर गेली. देवीच्या बुडाशी माती तडकली होती. भेगेतून एक दाणा डोकावत होता. तांबूस, पाठीवर पांढरी रेघ, फुगून टम्म. तिचाच!

"खाली काय आहे ते उकरून बघू," ती म्हणाली.

"खबरदार!" महाराज गरजले. "हात लावंल त्याचा निर्वंश हुईल!"

शांतव्वानं खुरपं घेतलं. तिचा नवरा गुरुपाद ओरडला, "अगं, मरशील!"

"मरंन की. पर माझं बी बघून मरंन."

देवीखालनं पत्र्याचा डबा निघाला. बिनझाकणाचा, फुगलेल्या घेवड्यानं गच्च भरलेला.

"कोरडा दाणा पाणी पिऊन दुपटीनं फुगतो," वर्षाराणीनं सांगितलं. "बाजूला जागा नसली की वर ढकलतो. पाणी तुम्हीच घातलंत."

"एवढासा दाणा दगड उचलतोय व्हय?" गुरुपाद हटेना.

तिनं एका बाटलीत कोरडा घेवडा ठासला, पाणी भरलं, बूच घट्ट मारून ती चावडीत ठेवली. सकाळी चावडीत काचा पडल्या होत्या. गुरुपाद खाली बसून काचा वेचू लागला.

महाराजांनी आजवर जुन्या चिवट घेवड्यावर गावोगावच्या देव्या उठवल्या होत्या. तो किती वेळात फुगतो, एवढीच त्यांची तपश्चर्या. नवा दाणा त्याआधीच फुगेल हे कळायला डोकं लागतं, आणि ते जटांखाली रिकामंच होतं. ते रातोरात पळाले आणि जयसिंगपूरच्या एसटीत कंडक्टरला दृष्टांत सांगून तिकीट चुकवताना सापडले.

बायकांनी डब्यातले धड दाणे निवडून लगोलग पेरले. अर्धे उगवलेच नाहीत. नवी जात शेतकऱ्यांच्या हाती पडायला त्यामुळं आणखी उशीर झाला, आणि तो उशीर कुठल्या देवीनं नाही, एका लबाडानं आणि त्याच्यापुढं वाकलेल्या गावानं केला.

तेव्हा बाबांनो, दगड उठला तर हात जोडायची घाई करू नका. आधी खाली काय आहे ते उकरून बघा. उकरू नका म्हणणारा कुणी भेटला, तर दुप्पट जोरानं उकरा.