मी डुगडुगत नाही

मी एक तिवई बोलतेय. तीन पाय, एक गोल बैठक, आणि मागचा पाय बैठकीच्या वर हातभर वाढवून केलेली मूठ. म्हाताऱ्या माणसानं दारात माझ्यावर बसून बूट घालायचे आणि मूठ धरून उठायचं, एवढ्यासाठी मला घडवलं. माझ्यावर बसून बूट घालणारं म्हातारं माणूस मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

माझा जन्म ताइचुंगच्या एका विद्यापीठातला, डिझाइनच्या कार्यशाळेतला. त्या अभ्यासक्रमाचं नाव एका दमात म्हणता येत नाही. जगभरातून आलेली मुलं, वेगवेगळ्या विभागांतल्या तिघांचा एक गट, आणि तिघांनी मिळून एक वस्तू करायची, असा सगळा प्रकार. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसणाऱ्या मुलांचा मोठा फोटो दारातच लावला होता.

माझ्या गटातही तिघं होती. बो-युआन यंत्र विभागाचा. माझ्यावर किती किलो भार चालेल याचं गणित करून तो संगणकापाशी गेला, तो परत आलाच नाही. आरोग्य विभागाचा मुलगा दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या गटात गेला. उरली नोमिन. मंगोलियाहून डिझाइन शिकायला आलेली, उकाड्यानं सतत लाल झालेली.

पॉलिश पेपरनं मला घासताना ती तिच्या भाषेत बोलायची. वर्गात इंग्रजी, बाजारात चिनी, आणि तिची भाषा कळणारं तिथं कुणीच नव्हतं. मलाही कळत नव्हती. पण मी लाकूड आहे, मध्येच उठून जात नाही.

नियम असा होता की वस्तू चार महिने खऱ्या माणसाच्या घरी ठेवायची, दर आठवड्याला जाऊन नोंदी घ्यायच्या, चुका दुरुस्त करायच्या. शेवटी त्या माणसानं एका कागदावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. कागदावर एकच ओळ: ‘ही वस्तू माझ्या कामाची आहे.’ शिक्का नाही तर पदवी नाही. जूननंतर नोमिनला देशात राहायचा परवाना नव्हता. म्हणजे शिक्का हवा, आणि जूनच्या आत हवा.

मी येन आजोबांच्या घरी गेले. वय एक्याऐंशी. सायकलींच्या कारखान्यात चाळीस वर्षं जोडणीचं काम केलेलं. बायको गेलेली, मुलगा व्हँकुव्हरला. तळमजल्यावरच्या घराला लोखंडी शटर. नोमिननं मला शटरच्या आत, चपलांच्या शेजारी ठेवलं.

पहिल्या गुरुवारी ती वही घेऊन आली. आजोबा वेताच्या खुर्चीत होते, म्हणून ती माझ्यावरच बसली.

“कशी आहे तिवई, आजोबा?”

“बुटकी आहे गं. गुडघे हनुवटीला लागतात.”

नोमिननं लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारी ती मला तिन्ही पाय नवे लावून घेऊन आली.

“आता?”

“आता उंच झाली. पाय लोंबकळतात माझे. मी काय बालवाडीतला आहे?”

पाय कापले. मग मूठ घामानं निसटते म्हणाले, तिला सुती दोरी गुंडाळली. मग बैठक टोचते म्हणाले, ती कोरून खोलगट केली. दर वेळी ती बसमधून मला पोटाशी धरून न्यायची आणि आणायची. दर वेळी आजोबा पेरू कापायचे, वर आलुबुखाराची खारट पूड टाकायचे आणि म्हणायचे, “खा. मंगोलियात असले पेरू नसतात.”

“मंगोलियात पेरूच नसतात, आजोबा.”

“मग दोन फोडी जास्त खा.”

शिक्क्याचं विचारलं की म्हणायचे, “शिक्का ना? ठेवलाय कुठंतरी. शोधतो.”

शिक्का बिस्किटांच्या डब्यात होता. तो डबा चार महिने माझ्यासमोर होता.

आणि खरं काय ते मलाच ठाऊक होतं. आजोबा माझ्यावर एकदाही बसले नव्हते. त्यांचे बूट खोक्यातच होते, पॉलिश करून. ते बाहेर पडायचे ते फक्त कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की, आणि तेही प्लॅस्टिकच्या सपाता सरकवून. त्यासाठी कशाला बसायला लागतं? एरवी माझ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. बुधवारी संध्याकाळी गठ्ठा खाली जायचा, ओल्या फडक्यानं मला पुसलं जायचं, आणि आजोबा पेरू आणायला कोपऱ्यावर जायचे.

मला राग यायचा. अहो, एक्याऐंशी वर्षांत एवढं एक वाक्य शिकला नाहीत? ‘पोरी, येत जा’ म्हणायला काय लागतं? त्यापेक्षा माझे पाय कापून घेणं सोपं वाटलं! मोठी माणसं मनातलं सोडून बाकी सगळं बोलतात, आणि झीज होते ती आमची.

मेमध्ये आजोबा म्हणाले, “डुगडुगते.”

नोमिननं तेही लिहिलं. म्हाताऱ्या माणसाचा शब्द ती जसाच्या तसा लिहायची. तिच्या घरी तीच रीत होती.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, विद्यापीठात परीक्षण होतं. त्सेंग सरांनी तिची वही उघडली. सरांनी वृद्धांच्या गरजांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. कुठल्या वृद्धाच्या घरी गेलेले मी त्यांना पाहिलं नाही.

“‘डुगडुगते’ असं लिहिलंयस तू?”

“आजोबा म्हणाले, सर.”

सरांनी मला उचलून जमिनीवर ठेवलं. मग माझ्या एका पायाखाली पुस्तक सरकवलं. मी तिरकी झाले, पण गप्प उभी राहिले. पुस्तक दुसऱ्या पायाखाली गेलं. तरी गप्प.

“तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, नोमिन. चार पायांची डुगडुगते. तीन पाय कशाही जमिनीवर टेकतात. हे तू पहिल्या वर्षी शिकलीस ना?”

वर्ग हसला. बो-युआनही हसला, आणि माझं सगळं गणित त्यानंच केलं होतं.

“वही तरी खोटी आहे किंवा म्हातारा तरी,” सर म्हणाले. “जूनपर्यंत ठरव.”

नोमिन गुरुवारपर्यंत थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मला घेऊन ती शटरशी उभी राहिली. आजोबा गांगरले. घरात पेरू नव्हता.

“आजोबा, तीन पायांचं कधी डुगडुगतं का?”

आजोबा भिंतीकडे बघायला लागले.

“चाळीस वर्षं सायकली जोडल्यात तुम्ही! भिंतीवर पान्यांची रांग आहे. सगळा वर्ग हसला मला. सांगा, डुगडुगतं का?”

“नाही.”

“मग का म्हणालात?”

आजोबांनी हातावर हात चोळले. “बाकीचं सगळं सांगून झालं होतं.”

नोमिन माझ्यावर बसली. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, मग दुसरी. मग आजोबा उठले, बिस्किटांचा डबा उघडला, शिक्का लाल शाईत बुडवला आणि म्हणाले, “आण तो कागद.”

“नको. तुम्ही बसतच नाही हिच्यावर. खोटा शिक्का नको मला.”

“खोटा कसा? वाच बरं काय लिहिलंय. ‘ही वस्तू माझ्या कामाची आहे.’ चार महिने तू कशावर बसत होतीस, पोरी?”

नोमिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजोबांनी कागद तिच्या मांडीवरून घेतला, आणि शिक्का इतका जोरात दाबला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

तिनं वहीतल्या नोंदी खोडल्या नाहीत. त्यांच्याखाली लिहिलं: ‘स्वतः बसले: शून्य वेळा. कुणाला बसवलं: सतरा वेळा.’ त्सेंग सर वाचून म्हणाले, “ही बुटांची तिवई उरली नाही.” पण पास केलं.

पास झाल्यावर नोमिन दोन गुरुवार आली. तिसऱ्या आठवड्यात ती मायदेशी गेली. तिला नोकरी तिथं लागली होती, आणि परवाना इथला संपला होता. तिला मी दोष देत नाही. जाताना तिनं माझ्या बैठकीवरून हात फिरवला आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. तेवढं मात्र मला कळलं.

आता मी इथंच असते. बुधवारी संध्याकाळी वर्तमानपत्रं खाली जातात, मला पुसलं जातं. मग आजोबा भिंतीवरून एक पाना काढतात आणि माझ्या मुठीचा स्क्रू हलकेच सैल करतात. गुरुवारी सकाळी विभागात फोन लावतात. “तिवईची मूठ हलते हो. कुणाला तरी पाठवा.” तिकडची बाई गोड आवाजात सांगते, “आजोबा, तो प्रकल्प संपला.” संध्याकाळी ते स्क्रू पुन्हा घट्ट करतात आणि पेरू एकटेच खातात.

आज बुधवार आहे. फडकं अजून ओलं आहे.

तुमच्या ओळखीत अशी एखादी तिवई असेल, आणि कुणी म्हातारं माणूस तिची तक्रार करत असेल, तर जा. पाना नेऊ नका, त्यांच्याकडे सगळे पाने आहेत. ते म्हणतील डुगडुगते. वाकून बघा, हो म्हणा, आणि बसा.