नाल्यावरच्या पुलाचा ठराव

"तू विश्वास ठेवणार नाहीस, कुणीच ठेवणार नाही," मी म्हटलं, "पण यंदाच्या सव्वीस जानेवारीला आपल्या गावात ग्रामसभा खरोखर भरली."

माझ्या ओट्यावर बसलेला मोतीलाल लगेच हसला. "झुलाल आबा, आपल्या गावात? शिंदखेडा तालुक्यात?"

"तू सासरवाडीला होतास, तुला काय कळणार? शाळेचं पटांगण भरलं, लोक कपाशीच्या ट्रॉलीवर चढून बसले. धुळ्याच्या बसमधून उतरलेले पाहुणेसुद्धा थांबले. हात वर करायचा हक्क नाही म्हणून नुसते बघत राहिले बिचारे."

"अन् तात्या?"

तात्या म्हणजे आमचे सरपंच. आधी त्यांचे वडील, मग ते, महिला आरक्षण पडलं तेव्हा त्यांची बायको, आता सून. खुर्चीत मात्र तात्याच.

"मी उभा राहिलो. म्हटलं, पाच निवडणुका झाल्या, नाल्यावरचा पूल नुसता भाषणात ऐकतोय. पलीकडच्या वस्तीत माझ्या बायकोची, भिकुबाईची, थोरली बहीण राहते. उन्हाळ्यात दहा मिनिटांची वाट, पावसाळ्यात नऊ किलोमीटरचा फेरा. गुडघे गेलेल्या बाईनं चार-चार महिने बहिणीचं तोंड बघायचं नाही का? बठ्ठा गाव एकमेकांकडे बघायला लागला. मग एकेक हात वर. ठराव लिहिता लिहिता ग्रामसेवकाची तीन पेनं संपली."

"तीन?"

"चौथं मी दिलं. अन् तात्या उठले रे, डोळ्यांत पाणी. म्हणाले, 'चाळीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारेल.'"

मोतीलाल हसायचा थांबला. तात्यांचं ते वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. तेवढं ऐकायला मिळालं असतं तर मी काठी टेकत दहा सभांना गेलो असतो.

"मग पूल?" त्यानं हळूच विचारलं.

"यंदाच्या पावसाआधी. कठड्यासकट. भिकुबाई चप्पल न भिजवता चालत जाईल. मधोमध थांबून खालचं गढूळ पाणी बघेल, अन् पलीकडून अक्का हाक मारेल, की आलीस का गं..."

दारामागून भिकुबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कसानी सभा अन् कसाना पूल! पंचायतना शिपाई सभानं रजिस्टर लईसन घर उना व्हता, मीच त्याले चहा दिधा. सभा न भरताच भरनी म्हनीसन पहिली सही तुम्हीच करी!"