निरोपाचं सूप

बापाच्या हातचं खायचं नाही, असं वस्तादांच्या लेकीने ठरवलं त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. भांडण नाही, तंटा नाही. घरी यायची, आईच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची, बापाच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणून ठेवायची आणि ताटं मांडली की म्हणायची, "मी जेवून आलेय." आता दर वेळी कोण कुठून जेवून येतं हो? पण वस्ताद विचारायचे नाहीत. उत्तर ठाऊक होतं.

वस्ताद एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात मुख्य आचारी. करायचे सगळंच, पण नाव झालं ते शार्कच्या परांच्या सुपाने. लग्न असो, वाढदिवस असो, नव्या दुकानाचं उद्घाटन असो, यजमानाला ऐपत दाखवायची असली की ते सूप हवंच. वाळलेला पर म्हणजे लाकडाची फळी. तो भिजवायचा, उकळायचा, वरची रेताड साल खरवडायची, पुन्हा भिजवायचा. दिवसच्या दिवस असं केलं की मग कुठे आतले धागे सुटे होतात. आणि एवढी मरमर करून त्या धाग्यांना चव म्हणाल तर शून्य! चव सगळी कोंबडीच्या हाडांच्या रश्श्याची. पर नुसता मिरवायला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तेच हे.

लेक शिकली समुद्रातल्या जिवांबद्दल आणि नोकरी लागली बंदरावर. होड्यांतून उतरणारे शार्क मोजायचे, मापायचे, दर साली किती कमी झाले ते वर कळवायचं. एकदा ती एका बोटीवर गेली होती. तिथे पाहिलेलं तिने घरी येऊन सांगितलं. शार्क ओढून वर घेतात, त्याचे पर कापतात आणि उरलेला जिवंत मासा परत पाण्यात ढकलून देतात. मांसाला भाव नाही, बोटीत जागा मात्र खातं. परांवाचून त्याला पोहता येत नाही, तो नुसता खाली खाली जात राहतो.

"डोळे उघडे असतात, बाबा," ती म्हणाली होती.

त्या दिवशी वस्तादांनी तिच्यासाठी तिच्या आवडीचा अंडं घातलेला भात परतून ठेवला होता. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि ताट बाजूला सरकवलं. वस्तादांचं डोकं फिरलं. "ह्याच हातांनी तुझी फी भरली," असं ते बोलून गेले. मग जीभ चावून काय उपयोग? सुटलेला बाण आणि सुटलेला शब्द, दोन्ही सारखेच.

खरं सांगायचं तर लेकीचं म्हणणं त्यांना केव्हाच पटलं होतं. पण पटून करता काय? सकाळी कामावर जावं तर फळ्यावर परांची ऑर्डर लिहिलेली असायचीच. मालकाला एकदा भीत भीत म्हणून पाहिलं, तर मालक हसून म्हणाले, "वस्ताद, आपण नाही केलं तर समोरचा करील." वस्तादांनी मान हलवली आणि पर भिजत घातला. अशी मान हलवत हलवतच माणसाचं आयुष्य जातं, दुसरं काय!

आता ते निवृत्त होत होते. संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे, मनगटाला कढई पेलायची नाही. ह्या भटारखान्याची एक जुनी रीत होती. ज्याचा निरोप असेल त्याने त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही, आत पाऊलही टाकायचं नाही. दुपारी हॉल रिकामा झाला की घरच्यांना घेऊन पाहुण्यासारखं बाहेर बसायचं, बाकीच्यांनी करून वाढायचं. आणि सुरुवात वस्तादांच्या सुपानेच व्हायची.

त्यांनी लेकीला फोन लावला. "जेवणाला येशील? पर नाही घालणार. मुगाच्या पारदर्शक शेवया घालायला सांगतो. रस्सा नेहमीचा."

पलीकडून तिने विचारलं, "नक्की नाही ना, बाबा?"

"नक्की."

"मग येते. जेवते पण."

फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "ती जेवणार आहे." बायको म्हणाली, "अहो, मग डोळे कशाला पुसताय? हसा की!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारक्याला गाठलं. नाव बारक्या, पण दारातून आडवं होऊन निघावं लागे एवढा ऐसपैस गडी. वस्तादांच्या हाताखालीच पोरसवदा आला आणि आता चाळिशीला टेकला होता. वस्तादांनंतर भटारखाना त्याच्याच हातात जायचा होता. "माझ्या निरोपाला पर नको," वस्ताद म्हणाले, "शेवया टाक." बारक्या म्हणाला, "बरं, वस्ताद." का नको, हे मात्र वस्तादांनी सांगितलं नाही. घरचं दुखणं भटारखान्यात कशाला न्यायचं? घोडं अडलं ते इथेच.

त्या दुपारी तिघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या. वाडगे आले. वाफ आली, ओळखीचा वास आला. वस्तादांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थबकले. शेवई जिभेवर विरते. हा धागा विरला नाही. दाताखाली जरासा अडला, मग तुटला.

समोर लेक मन लावून खात होती. "बाबा, काय झालंय रे! मी लहान असताना द्यायचास ना वाटीभर, अगदी तसंच. बघ, पर नसला म्हणून काही अडलं?"

वस्तादांनी भटारखान्याच्या दाराकडे पाहिलं. दाराला गोल काच होती आणि त्या काचेत बारक्याचा चेहरा मावत नव्हता. पोराला बक्षीस मिळाल्यासारखा तो हसत होता. वस्तादांच्या सगळं ध्यानात आलं. कोठीतला उरलेला मोठा पर त्याने हळूच काढला असणार, मागल्या हौदात लपवून भिजवला असणार, साल खरवडताना बोटं सोलून घेतली असणार. आपल्या वस्तादाला निरोपाच्या दिवशी नकली वाढू? मेलो तरी नाही!

गप्प बसावं, वस्तादांना वाटलं. कोणाला कळतंय? तो शार्क काही आता परत पोहणार नाही. लेक जेवतेय, बायको खूश आहे, बारक्या खूश आहे. इतकी वर्षं एवढं गिळलं, त्यात हे एक. त्यांना इतका थकवा आला होता की खरं बोलायचं म्हणजे आणखी एक कढई उचलायची, असं वाटलं. ते नुसते चमचा ढवळत राहिले.

लेकीचा वाडगा रिकामा झाला. "अजून आहे का रे? उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगणार आहे मी, माझ्या बाबाने पर सोडला म्हणून." असं म्हणून तिने वाडगा पुढे केला.

वस्तादांनी त्या वाडग्यावर हात ठेवला.

"नको घेऊस. खरा पर आहे हा."

बायकोच्या हातातला चमचा टेबलावर पडला. लेकीचं हसू ओठांवरच राहिलं.

"मी शेवयाच सांगितल्या होत्या," वस्ताद म्हणाले. "पोरांनी प्रेमाने केलं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या चमच्याला."

तिने रिकाम्या वाडग्यात पाहिलं. "आणि मी सगळं संपवेपर्यंत तू गप्प बसलास?"

"हो."

"का, बाबा?"

"तू जेवत होतीस."

आता ती उठणार, वस्तादांनी मनाची तयारी केली. तिने खुर्ची मागे सरकवलीही. डोळे भरून आले होते, रागाने की कशाने ते तिलाच ठाऊक. पण ती उठली नाही. रुमालाने तिने तोंड खसाखसा पुसलं. मग म्हणाली, "ही चव घेऊन मी घरी जाणार नाही. मला दुसरं काहीतरी दे. तू कर."

"मला आज आत जायचं नाही गं. रीत आहे."

"मग राहू दे."

वस्ताद टेबलाला धरून उठले. सुजलेले पाय ओढत दारापर्यंत गेले आणि आत शिरले. भांड्यांचा आवाज बंद पडला.

"वस्ताद! आज नाही हं, बाहेर व्हा!" बारक्या हसत पुढे आला. वस्ताद थांबले नाहीत. त्यांनी तवा चढवला, कालचा भात काढला, अंडं फोडलं. बारक्याचं हसू उतरत गेलं.

"नीट भिजला नव्हता का?"

"उत्तम भिजला होता. माझ्या हातूनही असा कधी भिजला नाही."

"मग झालं काय? सांगा तरी!"

"तुला शेवया सांगितल्या होत्या."

"वस्ताद, तुमच्या निरोपाला शेवया? माणसाचा मान पर वाढण्यात असतो, हे मला कोणी शिकवलं?"

वस्तादांनी भात परतला. मनगट दुखत होतं. "मीच शिकवलं," ते म्हणाले. "तुझं चुकलं नाही रे बारक्या. तू माझंच ऐकलंस. फक्त आजचं नाही, आजवरचं ऐकलंस."

बारक्याने तोंड फिरवलं आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. एवढा मोठा गडी, पण खांदे हलत होते. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वस्तादांना फार वाटलं, पण भात करपला असता.

ताट घेऊन ते बाहेर आले आणि लेकीसमोर ठेवलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग बापाच्या हातांकडे. "बस आधी," ती म्हणाली. ते बसल्यावर तिने एक घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे."

वस्तादांनी मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली. तिने मीठ घातलं आणि दुसरा घास घेतला.