पितळी स्टोव्हचं माप

"अग्नी सापडला आणि माणूस सुधारला, जावई सापडला आणि अग्नी धोक्यात आला!" असा सिद्धान्त पिनतात्यांनी रविवारी सकाळी गॅलरीत उभं राहून खणखणीत आवाजात मांडला. ऐकायला वाळत घातलेले दोन टॉवेल होते. त्यातला एक पडला.

तात्यांनी चाळीस वर्षं स्टोव्ह दुरुस्त केले. बर्नरमधला कचरा पिनेने काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून हे नाव. पुढे घरोघरी गॅस आला, दुकान उठलं आणि उरला एकच पितळी स्टोव्ह. त्यावर ते स्वतःचा चहा करत आणि त्याला इतका घासत, की दाढीसुद्धा त्यातच बघून होई.

त्या स्टोव्हवर जावयाचा डोळा होता. पहिल्या रविवारी त्याने सहज विचारलं, "मामा, पितळेचाच ना हा?" दुसऱ्या रविवारी उचलून पाहिला. तिसऱ्या रविवारी तात्या आंघोळीला गेलेले बघून त्याने खिशातून मोजपट्टी काढली. तात्या आंघोळीला गेलेच नव्हते. नळ सोडून दाराच्या फटीला डोळा लावून बसले होते.

"विकणार तो," ते बायकोला म्हणाले. "हल्ली स्टोव्हच्या डोक्यावर बल्ब लावून दिवे करतात."

"आधी तुमच्या डोक्यावर लावा. काही उजेड पडला तर पडेल."

हीसुद्धा सामील आहे, हे तात्यांनी ओळखलं. त्यांनी स्टोव्ह सुटा केला. टाकी उशीच्या अभ्र्यात, बर्नर मोज्यात आणि पाय छत्रीत गेले. मग ते उशीला टेकून पेपर वाचू लागले.

चौथ्या रविवारी जावई आला तो काखेत एक चपटी पेटी घेऊन. उलगडल्यावर ती कोळशाची शेगडी निघाली. घडीची, सहलीला न्यायची.

"मामा, स्टोव्ह कुठाय?"

"कुठला स्टोव्ह?"

जावई मटकन खाली बसला. "मग मेलो मी. मागच्या सहलीत दोन तास खपलो, पण ही पेटली नाही. ऑफिसातली अकरा माणसं कच्चे बटाटे हातात धरून बसली होती. आज मोठे साहेब येतायत. हिच्या पोटात तुमचा स्टोव्ह बरोबर बसतो, मी मापं घेतलीत. वर जाळी, कडेने चार कोळसे. कुणाला कळणार नाही."

"मग सरळ मागायचा ना!"

"तुमची लेक म्हणाली, बाबांना कळलं तर जन्मभर ऐकवतील."

यात खोटं काही नव्हतं. तात्यांनी शेगडी उलटी करून पाहिली. राख सांडू नये म्हणून जावयाने खालची हवेची झडप घट्ट लावून ठेवली होती. बोटभर सरकवली असती, तर कोळसा भडभडून पेटला असता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोष सापडूनही तात्यांनी तो सांगितला नाही.

"कोळशाचं काही खरं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "स्टोव्हच लागणार. पण त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी येतो."

त्यांनी उशीतून टाकी काढली, मोज्यातून बर्नर काढला. छत्री उघडताच खाली पडलेले पाय जावयाने शहाण्यासारखे गोळा केले. घरापासून तळ्याकाठपर्यंत तात्या आगीचा इतिहास सांगत होते. ते श्वास घ्यायला थांबले, तेव्हा जावई हळूच म्हणाला,

"मामा, एक विनंती होती. कोळसा गप्प जळतो, हा फरफरतो. तेव्हा साहेब जवळ आले की तुम्ही जरा मोठ्याने खोकाल का?"