कोऱ्या मुदतीची कामं

धाकटीच्या डोक्यावर आज टांगती तलवार होती. संध्याकाळपर्यंत तिचा प्रोग्रॅम सुधारला नाही, तर दादा तो कायमचा बंद करणार होता. आणि दादा एकदा बोलला की बोलला.

दादा वाद्यं दुरुस्त करायचा, वहिनी पुढे काउंटर सांभाळायची. दादाच्या ॲपमधली कामं वहिनीच्या ॲपमध्ये आपोआप जावीत, म्हणून धाकटीनं दोन्ही जोडणारा प्रोग्रॅम लिहिला होता. घरासाठी केलेलं पहिलंच काम, त्यामुळे तिचा तोरा काय विचारता! पण वाद्याच्या सांध्यांना लावलेला सरस नीट वाळेपर्यंत दादा कामाला मुदत देत नसे, तारखेची जागा कोरी ठेवायचा. दादा विसरला असणार, असं समजून या शहाणीनं तिथे आजची तारीख भरायची सोय करून ठेवली. व्हायोलिनवाल्या बाईंना 'आज तयार' असा निरोप गेला, त्या धावत आल्या, वहिनीनं व्हायोलिन काढून हातात दिलं आणि ओल्या सरसातून त्याची मानच निखळली. दादाचा पारा चढला तो उतरेचना.

धाकटीनं आधी सोपी वाट धरली. तारीख नसलेली कामं पाठवायचीच नाहीत! झालं, काउंटरवरून निम्मी कामं गायब. मग तिनं फक्त कोरी जागा वगळून बाकीचं पाठवलं, तर दादानं पुसलेली जुनी तारीख वहिनीकडे ठाण मांडून बसली. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली. तारीख न सांगणं वेगळं आणि तारीख नाही असं सांगणं वेगळं! कोरी जागासुद्धा कोरी म्हणूनच पोचवायला हवी. तिनं भराभर बदल केले.

"दादा, त्या व्हायोलिनला एखादी तारीख टाक आणि लगेच पूस."

दादानं कपाळाला आठ्या घालत तारीख टाकली आणि पुसली.

"वहिनी, काय दिसतंय?"

"तारीख गेली!" बाहेरून वहिनी ओरडली. "आणि काम आहे जागच्या जागी!"

धाकटीनं जागेवरच उडी मारली. तेवढ्यात बाईंचाच फोन आला. वहिनी ऐटीत म्हणाली, "नाही हो, मुदत अजून ठरलेली नाही. ठरली की मीच कळवते."

दादा ते कान देऊन ऐकत होता.

"मग, बंद करू ना प्रोग्रॅम?" धाकटीनं मुद्दाम विचारलं.

"हात तर लावून बघ," दादा म्हणाला, "गाठ माझ्याशी आहे."