वरच्या अंगाची तुळई

मी एक जुना साकव आहे. खरं म्हणजे होतो. आज माझी एकच तुळई उरली आहे आणि ती ऑल्डर ओढ्याच्या काठावर, अंगाला लागली की आग करणाऱ्या खाजकोलतीच्या रानात आडवी पडली आहे. तिच्यात जेवढा जीव उरला आहे, तेवढ्यावर मी बोलतो आहे.

मित्रांनो, वेल्सच्या डोंगरांखालच्या या मुलखात शेताशेतांतून पायवाटा जातात. शेत एकाचं असलं तरी वाट सगळ्यांची असते. ती अडवायचा हक्क खुद्द मालकालाही नसतो. अशाच एका वाटेवर, बफ्टन नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणाच्या आणि चर्चच्या टेकडीच्या मध्ये, मी उभा होतो.

माझा जन्म एका मरणातून झाला. तेव्हा ओढ्यात फक्त पाय ठेवायचे दगड होते. गावात टपाल वाटणारी ऑल्वेन एका फेब्रुवारीत त्यांवरून घसरली. ती तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर झाडांच्या मुळ्यांत अडकलेली सापडली. टपालाची पिशवी तिच्या गळ्यातच होती. पाद्रीबाबांनी ती पत्रं चर्चच्या शेगडीपाशी वाळवली आणि ज्याची त्याला पोचती केली. पुढे कित्येक घरांत शाई फुटलेली ती पत्रं जपून ठेवलेली होती.

त्या वसंतात एडगर गिटिन्स या सुताराने एक ओकचं झाड पाडलं, उभं चिरलं आणि त्याच्या दोन तुळया केल्या. एक ओढ्याच्या वरच्या अंगाला बसवली, एक खालच्या अंगाला. त्यांवर फळ्या ठोकल्या आणि खालच्या अंगाला कठडा लावला. काठ उंच होते. पाणी माझ्यापासून दोन पुरुष खाली राहायचं.

एडगर मला बांधून विसरला नाही. दर पानगळीत तो माझ्याखाली उतरायचा आणि हातोडीने तुळया ठोकून बघायचा. म्हातारपणी त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्याची मुलगी हेस्टर खाली उतरू लागली. ती दुधाचा टँकर चालवायची, अंगाने चांगली दणकट होती. एडगर वर काठाला टेकून कान देऊन ऐकायचा.

"पुन्हा मार. हां. खणखणीत! आता टोकाला मार, मातीत जाते तिथं."

"बाबा, मी चिखलात रुतलेय!"

"रूत खुशाल. लाकूड आधी टोकालाच सडतं. माणसासारखंच आहे, धड तेवढं दाखवतं आणि सडकं मातीत लपवतं."

ते माझे भरभराटीचे दिवस होते. शाळेची मुलं माझ्यावरून धावत जायची. लग्नाची वऱ्हाडं गेली, शवपेट्याही गेल्या. एकदा कुणीतरी चर्चची घंटा हातगाडीवर घालून नेली, तरी मी करकरलोसुद्धा नाही. "गिटिन्सचा साकव म्हणजे दगड," असं लोक म्हणत.

मग एडगर गेला. हेस्टर दूरच्या शहरात मालट्रक चालवायला गेली आणि वीस वर्षं परतली नाही. शाळा बंद पडली. लोक गाड्यांतून फिरू लागले. वाटेवर काटेरी झुडपं माजली. कुरणाच्या तोंडाशी बफ्टनने 'सावधान, वळू' अशी पाटी लावली. वळू कधीच नव्हता, पण पाटी पुरेशी होती.

आणि मित्रांनो, त्याच काळात माझ्या वरच्या अंगाच्या तुळईच्या टोकाशी एक झरा फुटला. बारीक, बोटाएवढा. तो रात्रंदिवस त्या टोकाला ओलं ठेवू लागला. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी लाकडात बुरशीचे पांढरे धागे शिरले. कोळ्याच्या जाळ्यासारखे, गार आणि मऊ. ते जिथे शिरत, तिथलं मला काहीच कळेनासं होई. दुखलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यातला एकेक हात भाग नुसता नाहीसा होत होता आणि बाहेरून मी जसाच्या तसा दिसत होतो.

अशा वेळी गावात म्युरियल बीवन नावाच्या बाईंनी वाट उघडायचं मनावर घेतलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी जुने नकाशे धुंडाळले, अर्जांवर अर्ज केले आणि बफ्टनशी अकरा वर्षं भांडण चालवलं. बफ्टनही अगदीच अडेलतट्टू नव्हता. एकदा कुणा फिरस्त्याच्या मोकाट कुत्र्याने त्याच्या सात गाभण मेंढ्या फाडल्या होत्या. तेव्हापासून पाठीवर पिशवी घेतलेला माणूस दिसला की त्याचं डोकं फिरायचं.

अखेर म्युरियलबाई जिंकल्या. जिल्हा परिषदेने जिल्हाभरच्या पायवाटा सुधारायची योजना काढली, त्यात आमची वाट आली. मिस्टर थॉर्ली नावाचे वाटांचे अधिकारी आले. भला माणूस होता. त्यांनी झुडपं तोडून घेतली, पिवळे बाण लावले, कुंपणांवरच्या पायऱ्या काढून फाटकं बसवली. म्युरियलबाई आता चारचाकी खुर्चीगाडीतून फिरत, त्यांनाही जाता यावं म्हणून. माझ्या जुन्या फळ्या काढून जाड, जड फळ्या बसवल्या. त्यांवर पाय घसरू नये म्हणून जाळी ठोकली. कठडा नवा केला.

लोक म्हणाले, "काय देखणा झालाय साकव!"

मला मात्र आतलं ठाऊक होतं. माझ्यावरचं ओझं वाढलं होतं आणि खाली कुणीही उतरलं नव्हतं.

उद्घाटनाला आठ दिवस होते. चाळीस माणसं येणार होती, सगळ्यांत पुढे म्युरियलबाईंची गाडी. त्याच आठवड्यात हेस्टर गावी परतली. पासष्टी उलटली होती, केस पांढरे झाले होते. तिने बापाची हातोडी काढली आणि न विचारता, न सांगता माझ्याखाली उतरली.

खालच्या अंगाच्या तुळईवर ठोका पडला. खण्ण. टोकापर्यंत खण्ण.

वरच्या अंगाच्या तुळईवर ठोका पडला. भद्द.

हेस्टरने टोकाशी आणखी दोनदा ठोकून पाहिलं. मग तिने हाताचा तळवा माझ्यावर ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी ती मिस्टर थॉर्लींना घेऊन आली.

"पाहणी झालीय हो याची," ते म्हणाले. "कागदावर आहे."

"वरून झालीय. खाली उतरा."

"माझे बूट बघा तरी!"

"बूट वाळतात, मिस्टर थॉर्ली."

ते उतरले. हेस्टरने दाखवलं तिथे त्यांनी चाकूचं पातं टेकवलं. जोर लावावाच लागला नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं. त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळच्या आत माझ्या दोन्ही तोंडांना आडव्या फळ्या ठोकल्या गेल्या आणि पाटी लागली, 'वाट बंद'.

म्युरियलबाई गाडी घेऊन तडक काठापर्यंत आल्या. हेस्टर तिथेच होती. दोघी एका शाळेत, एका बाकावर बसलेल्या.

"हेस्टर, तोंड बंद ठेवायचं काय घेतलं असतंस गं? अगं, अशी पाटी एकदा लागली की ती गंजून पडते, पण वाट काही उघडत नाही. अकरा वर्षं, हेस्टर!"

"मग काय करू? गाडीसकट तुला ओढ्यात जाऊ देऊ?"

"गेले असते तर गेले असते. मला काय आता नवरीमुलगी व्हायचंय?"

"तू एकटी नव्हतीस ना जाणार. मागं चाळीस माणसं होती."

म्युरियलबाईंनी एकदा फळ्यांवरच्या पाटीकडे पाहिलं. त्यांनी गाडी वळवली. त्या हेस्टरशी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

कुरणातून बफ्टन हे सगळं बघत होता. "वा, हेस्टर! बापानं बांधला आणि लेकीनं बंद केला. शेवटी माझ्याच बाजूला आलीस की. चहाला ये घरी."

"तुझा चहा तुलाच लखलाभ, बफ्टन. वरची तुळई सडलीय, खालची ठणठणीत आहे. एक बदलली की झालं. तीन महिन्यांचं काम आहे."

"तीन महिने!" तो हसला. त्याच आठवड्यात त्याने आपल्या बाजूच्या फळ्यांवर काटेरी तारेचे चार वेढे घातले.

तीन महिन्यांनी कुणी आलं नाही. जिल्ह्यात मोडके साकव पुष्कळ होते आणि माझा क्रमांक दोनशे चौदावा होता. मिस्टर थॉर्लींची बदली झाली. नव्या साहेबांना ऑल्डर ओढा कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरात म्युरियलबाई वारल्या. त्यांची शवपेटी डांबरी रस्त्याने, चार मैलांचा वळसा घेऊन चर्चला आली. हेस्टर मागच्या बाकावर बसली होती म्हणे. पांढरे धागे आता तुळईच्या मध्यापर्यंत पोचले होते. वारा नसतानाही मी हलू लागलो होतो.

जानेवारीत पाऊस लागला तो नऊ दिवस थांबला नाही. दहाव्या दिवशी सकाळी डोंगराकडून एक घुमता आवाज आला. ओढा मी कधी पाहिला नव्हता एवढा चढला. दोन पुरुष खाली राहणारं पाणी माझ्या पोटाला लागलं. बफ्टनच्या घराचा रस्ता पहिल्या तासातच बुडाला. नदी एका अंगाने, ओढा दुसऱ्या अंगाने, आणि मध्ये ते घर. बचावाची होडी दुसऱ्या गावात अडकली होती. पाणी स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हा बफ्टनने बायकोचा, नेस्टाचा, हात धरला आणि कुरणातून माझ्याकडे धावत सुटला. नेस्टाच्या कमरेचं हाड पूर्वीच मोडलेलं, ती लंगडत होती. त्यांच्या मागून कुरण बुडत येत होतं.

समोर त्याचीच काटेरी तार होती.

पक्कड आणायला वेळ नव्हता. त्याने हातांनीच तार ओढून काढली आणि फळ्या पाडल्या. मनगटांवरून रक्त ओघळत होतं. पलीकडे पुराचा आवाज ऐकून हेस्टर येऊन पोचली होती. तिने आपल्या बाजूच्या फळ्या लाथेने पाडल्या होत्या.

"मधून येऊ नका!" ती ओरडली. "कठड्याच्या बाजूनं! तिथली तुळई धड आहे! नेस्टा, आधी तू. एका पायापुढे एक पाय. जाळीवर मध्ये पाऊल टाकलंस तर मेलीस!"

"मला नाही जमायचं, हेस्टर!"

"जमेल. पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. किती म्हातारी दिसतेय मी, ते बघत ये."

नेस्टा रडत रडत आली. तिचा एकेक पाय खालच्या अंगाच्या तुळईवर पडत होता आणि मी माझं सगळं बळ त्या एका तुळईत गोळा केलं होतं. ती पोचली. हेस्टरने तिला मिठीत ओढून घेतलं.

मग बफ्टन निघाला. माणूस वळूसारखा जाडजूड. तो मध्यावर आला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाने एक उन्मळलेलं झाड वाहत येऊन माझ्यावर आदळलं.

वरच्या अंगाची तुळई मोडली. तिचा कडकड आवाजसुद्धा झाला नाही, मित्रांनो. ओला पाव मोडावा तशी ती मोडली. फळ्या एका बाजूला कलल्या, बफ्टनचे पाय निसटले आणि तो कठड्याला लोंबकळला. कंबरेपर्यंत पाण्यात. हेस्टर पोटावर पडून सरपटत आली आणि तिने त्याच्या कोटाची कॉलर पकडली.

"सोड मला!" तो किंचाळला. "तू पण जाशील!"

"गप, बफ्टन! पाय वर घे! गुडघा तुळईवर टाक!"

त्याने तिसऱ्या खेपेला गुडघा टाकला. दोघं सरपटत काठाला लागले. तिघं चिखलातच बसली. नेस्टा शालीच्या टोकाने नवऱ्याचे हात बांधत होती.

"कुठली तुळई धड आहे, तुला कसं कळलं?" अखेर बफ्टनने विचारलं.

"ठोकून बघितलं होतं. तुला सांगितलंही होतं." हेस्टर धापा टाकत होती. "सगळ्यांनाच सांगितलं होतं. तुम्ही लोकांनी त्यातलं फक्त 'बंद' तेवढं ऐकलंत."

बफ्टनने मान खाली घातली. "म्युरियल असायला हवी होती आज," तो म्हणाला.

"तिचं नाव तू काढू नकोस," हेस्टर म्हणाली आणि उठून टेकडी चढू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या जागी लोखंडी पूल आला. भराव घालायला बफ्टनने आपल्या कुरणाचा कोपरा आपणहून दिला. पुलावर म्युरियलबाईंच्या नावाची पितळी पट्टी आहे. गावाने मेजवानी केली, फोटो काढले. आता वाट सुरेख आहे. आया मुलांच्या ढकलगाड्या घेऊन येतात. चाकांच्या खुर्चीवरची माणसं येतात. रविवारी तर रांग लागते. मी खाजकोलतीतून ते सगळं बघतो आणि मला आनंद होतो.

पण मित्रांनो, मी काठाशी आहे, म्हणून मला दुसरंही काही दिसतं. मागच्या पानगळीच्या पुराने नव्या पुलाच्या दगडी पायाखालची माती खरवडली. आधी तिथे पाणमांजर बसेल एवढी पोकळी होती. आता मेंढी बसेल एवढी झाली आहे. हेस्टर शहरातल्या वृद्धाश्रमात आहे, तिला जिना उतरवत नाही. दुसरं कुणी आजवर खाली उतरलेलं नाही. वरून लोखंड कसं चकचकीत दिसतं!

माझं एवढंच मागणं आहे. वाट मिळवायला भांडाल, जरूर भांडा. ती सजवाल, तेही करा. पण वर्षातून एक दिवस बूट भिजू द्या आणि आपण ज्याच्यावरून चालतो त्याच्या पोटाखाली जाऊन बघा. आणि खाली जाऊन आलेला माणूस नको ते बोलू लागला, तर त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका.

हे सांगायला मला फार दिवस उरलेले नाहीत. ओल माझ्याही टोकाला लागली आहे. आणि काल सकाळी, शाळेच्या सहलीची मुलं गाणी म्हणत पुलावरून जात होती, तेव्हा त्या पोकळीतला एक दगड सुटून पाण्यात पडला. त्याचा आवाज वर कुणालाच ऐकू आला नाही.